कामना वगळून केलेली वकिली

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सचा आदेश रद्द केला. फ्रान्सिस न्यूटन सूझांची चार रेखाटने, अकबर पदमसींचे एक रेखाटन आणि त्यांचीच दोन छायाचित्रे अश्लील ठरवून अडवली होती, ती सुटली. लैंगिक ते सगळे अश्लील नसते, हे न्यायालयाला पुन्हा एकदा सांगावे लागले. पुन्हा अशासाठी, की ‘लव्हर्स’ या चित्रांवरून १९५४ मध्ये याच पदमसींवर याच शहरात खटला झाला होता आणि ते निर्दोष सुटले होते. सत्तर वर्षांत आक्षेप घेणारे खाते तेवढे बदलले.

माझे भांडण कस्टम्सशी नाही, आपल्याच बाजूच्या वकिलीशी आहे. ‘ही नग्नता कलात्मक आहे, कामुक नाही,’ असे आपण हमखास म्हणतो आणि तिथेच हरतो. कामना घाणेरडी असते हे अधिकाऱ्याचे म्हणणे मान्य करून फक्त ‘आमच्याकडे ती नाही’ एवढे सांगायचे! ‘लव्हर्स’मध्ये पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर आहे. तिथे कामना नसेल तर काय आहे, रेषेचा सराव? र. धों. कर्वे असे लपले नाहीत. कामसुखात गैर काही नाही, हे ते ‘समाजस्वास्थ्य’मधून उघड लिहीत राहिले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरले, पण मुद्दा सोडला नाही.

दुसरी पळवाट म्हणजे देवळे. इथे भिलाईत विषय निघाला की कोणीतरी कवर्ध्याजवळचे भोरमदेव पुढे करतोच. पण दगडातल्या मिथुनाला नाव-गाव नसते. छायाचित्रासाठी मात्र एक जिवंत माणूस भिंगापुढे उभा राहिलेला असतो. म्हणून इथे कामना कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही. पाहणाऱ्याची, दाखवणाऱ्याची, की ज्याचे शरीर आहे त्याची?

मराठी समीक्षा तो टाळते. लावणीबद्दल लिहिताना आपल्याकडे शृंगार, ओढ, लगट, सारे शब्द असतात. छायाचित्र आले की ‘बोल्ड’. अनुवादक म्हणून मला याचा राग येतो. ‘जवळीक’ हा शब्द फार सोयीचा आहे, त्यात दोघांची संमती गृहीत धरलेली असते. ‘सलगी’त तसे नाही, ती दिलेली असू शकते, घेतलेलीही. कॅमेऱ्याला हाच शब्द लावून पाहावा.

सुनील गुप्तांची ‘एक्झाइल्स’ ही १९८६-८७ची दिल्लीतली मालिका घ्या. सार्वजनिक जागी बसलेले, उभे राहिलेले समलिंगी पुरुष. बहुतेकांच्या अंगावर कपडे आहेत, कित्येकांचे चेहरे वळलेले किंवा कापलेले. कलम ३७७ तेव्हा लागू होते. कोणाला किती दिसायचे आहे, याची बोलणी त्या चौकटीतच दिसतात, आणि त्या आखडलेल्या खांद्यांत जितकी ओढ आहे तितकी दहा प्रकाशलेल्या नितंबांत मिळणार नाही. कपडे मोजणाऱ्या अधिकाऱ्याला यात काहीच आक्षेपार्ह सापडणार नाही. आपल्या रसिकांनाही सापडत नाही, कारण तेही कपडेच मोजतात.

दालनातल्या पाटीवर चित्रकाराचे नाव, कागदाचा प्रकार, प्रतींची संख्या असते. समोर कोण उभे राहिले, कोणत्या अटीवर, आणि नंतर नको म्हणायची सोय होती का, हे विचारणाऱ्याला सनातनी ठरवणे आता पुरे.