वाट वळली तरच पाणी वळेल

गेल्या पावसाळ्यात नाशिकचा माझा भाचा मित्रांना घेऊन जव्हारला आला होता. गिअरच्या सायकली, डोक्याला हेल्मेट, सगळा जामानिमा. रात्री धो धो पाऊस झाला आणि सकाळी पठ्ठ्या म्हणाला, "मावशी, आज नको. माती ओली आहे. चाकं घसरतील आणि वाटेलाही चर पडतील. दोन दिवसांनी जाऊ." मला त्याचं कौतुक वाटलं. वाटेचा एवढा विचार!

त्याच दिवशी बचत गटाची बैठक होती. पाड्यावरच्या बायका त्याच ओल्या वाटेने तासभर चालत आल्या. चपला हातात, लुगडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मी भाच्याची गोष्ट सांगितली तशी एकजण हसून म्हणाली, "बाई, आम्हाला दोन दिवस थांबून कसं भागेल?"

मैत्रिणींनो, ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

आपल्या जव्हार-मोखाड्याची जमीन कशी आहे ते आपण रोज पाहतो. वर माळाला काळा कातळ, उतारावर तांबूस मातीचा पातळ थर आणि खाली खाचरात चिकण माती. वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मातीचा थर पातळ म्हणून तो लवकर भरतो, उरलेलं पाणी उतारावरून धावत सुटतं. आपल्या पायवाटा बहुधा जवळच्या म्हणून डोंगरावरून सरळ खाली उतरतात. पाण्यालाही तीच वाट सोपी! मग वाटेचा ओहोळ होतो, माती वाहून जाते, मोकळे दगडगोटे उरतात. ऑगस्टपर्यंत कातळावर शेवाळ धरतं. उन्हाळ्यातही सुटका नाही. सुक्या मुरमाच्या बारीक खड्यांवरून पाय असा सटकतो, जणू सांडलेल्या नागलीवर पडला. त्यातून डोक्यावर हंडा असला म्हणजे विचारायलाच नको.

हे नुसतं पाय मुरगळण्यापुरतं राहत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यात, बोटोशी परिसरातल्या मर्कटवाडीत एका बाईची सातव्या महिन्यातच घरी प्रसूती झाली. जुळी बाळं वाचली नाहीत. आईला रक्तस्राव होत होता. तिला डोलीत घालून घसरड्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर न्यावं लागलं, तेव्हा कुठे उपचार मिळाले. ती वाचली. पण डोली वाहणाऱ्याचा एक पाय घसरला असता तर?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची ती वाट मात्र कित्येक ठिकाणी आहे तशीच राहिली. रस्ता हवाच, त्यात दुमत नाही. पण तो होईपर्यंत काय? आणि गटार न काढता केलेला डांबरी रस्ता तरी आपल्या पावसात किती टिकतो?

भाच्याकडून मला एक गोष्ट कळली. डोंगरात सायकलची चांगली वाट आखतात ती सरळ खाली नेत नाहीत, डोंगराच्या कडेकडेने तिरकी, वळणं घेत नेतात. दरीच्या बाजूला तिला किंचित उतार ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला पडतं. ठिकठिकाणी तिरके दगड रोवून पाण्याला बाहेर काढून देतात. हे काही परदेशी शास्त्र नव्हे. आपला शेतकरी बांध घालताना पाण्याचा हाच विचार करतो. यात ओहोळावर साकव आणि शेवाळल्या कातळावर पायऱ्या एवढी भर घातली तर डोलीवाल्यांचे पाय ठरतील. दगड इथलाच, हातही इथलेच. दिवाळीनंतर आपली माणसं वीटभट्ट्यांवर जातात. हे काम गावातच निघालं तर काहींना मजुरीही मिळेल.

पण वाट कुठून न्यायची हे ठरवताना बायकांना विचारायला हवं. कुठे निसरडं होतं, कुठल्या ओहोळाला किती पाणी येतं, हे रोज पाणी आणि लाकूडफाटा वाहणाऱ्या बाईइतकं कोणाला ठाऊक? म्हणून पुढच्या ग्रामसभेत रस्त्याच्या मागणीबरोबर पायवाटेचाही विषय काढा आणि पावसाळ्याआधी कामाला हात लागेल असं पाहा. आशाताईला सोबत घेऊन कोणत्या पाड्यावर कोणाचे दिवस भरत आले आहेत याची यादी मे महिन्यातच करा. त्या बाईला पाऊस लागण्याआधीच दवाखान्याजवळ आणून ठेवता येईल.

माझा भाचा दोन दिवस थांबू शकतो. बाळंतकळा थांबत नाहीत.