आधी आवाज नीट घ्या

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना नालवाडीतल्या आमच्या घरात मी दादीवर पाच मिनिटांची फिल्म करायला घेतली. लग्नघरात ढोलकीवर म्हणायची कितीतरी गाणी तिला पाठ होती, अर्धी वऱ्हाडी, अर्धी उर्दू. मित्राचा हॅण्डीकॅम उसना आणला, दहा फुटांवर ठेवला आणि बटण दाबले. मे महिना होता. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पंखा बंद करायचे माझ्या मनातही आले नाही. संध्याकाळी संगणकावर पाहिले, तर दादीचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होती पंख्याची घरघर.

'पुन्हा घेऊ', असे ठरवले. परीक्षा, मग नोकरी, यात ते राहूनच गेले. दादी गेली. आवाज साफ करणारी सॉफ्टवेअर मी नंतर एकेक करून वापरून पाहिली. पण जो आवाज माइकपर्यंत पोचलाच नाही, तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? आज माझ्याकडे तिचे चित्र आहे, गाणी नाहीत.

मित्रांनो, ही चूक महागड्या कॅमेऱ्याअभावी झाली नव्हती. मला काम येत नव्हते, एवढेच.

हे काम हाताने शिकलेल्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कागलला १८८६ साली जन्मलेले शेख फत्तेलाल, म्हणजे साहेबमामा, कोणत्याही फिल्म स्कूलमध्ये गेले नव्हते. तेव्हा तशी शाळाच नव्हती. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत ते शिकले. १९२९ साली 'प्रभात' उभी करणाऱ्यांत ते होते. दामल्यांसोबत त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम'चा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. पुण्यात प्रभात स्टुडिओच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली. अलीकडचे उदाहरण मालेगावचे. व्हिडीओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमाग कामगारांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला. ट्रॉली नव्हती, तर सायकल वापरली. क्रेन नव्हती, तर बैलगाडी.

तुमच्या खिशातला फोन त्यांच्या साधनांपेक्षा कितीतरी सरस आहे. मग सुरुवात कुठून करायची?

आधी आवाज. पंखा बंद करा, कूलर बंद करा. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या छातीजवळ ठेवून त्यावर वेगळे रेकॉर्डिंग करा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे संकलन करताना चित्र आणि आवाज जुळवता येतो. मग उजेड. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठ करून नव्हे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवले, तर ट्यूबलाइटखाली चित्र फडफडत नाही. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर धरा. हात, भांडी, दार, गल्ली यांचेही शॉट घ्या. कापाकापी झाकायला तेच कामी येतात. त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत ठेवा. आणि ज्याचे चित्रण करायचे, त्याची परवानगी सर्वांत आधी घ्या.

यातले काहीही एका रविवारी शिकता येते. चार मित्र जमवा आणि कामे अदलून-बदलून करा. आज कॅमेरा धरणाऱ्याने उद्या माइक धरावा.

आपल्या मोहल्ल्यांवर चित्रपट निघतात, बातम्या होतात. त्यांत आपण कसे दिसतो, हे तुम्ही पाहताच. त्यावर चिडून पोस्ट लिहिणे सोपे आहे. आपल्या घरातले, आपल्या बोलीतले खरे चित्र नीट ऐकू येईल असे टिपणे हे मेहनतीचे काम आहे, आणि ते आपल्याऐवजी दुसरे कोणी करणार नाही.

तुमच्या घरात दादी किंवा नानी असेल, तर या रविवारी तिच्यासमोर बसा. पंखा बंद करायला विसरू नका.