वय हे निदान नव्हे

गेल्या वर्षी आमच्या वहिनी न्हाणीत घसरून पडल्या. वय ८२. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, वय विचारलं आणि म्हणाले, "या वयात ऑपरेशन म्हणजे धोका. घरी न्या, सेवा करा." रक्त तपासलं नाही, हृदय पाहिलं नाही. घरात शिकलेला मी, म्हणून कागदावर सही मीच केली.

पूर्णेला आणून पायाला विटांचं वजन बांधलं. वहिनी रोज म्हणायच्या, "भाऊजी, मला एकदा उठवून बसवा हो." पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला. सातव्या आठवड्यात त्या गेल्या. लोक म्हणाले, वय झालं होतं. मी म्हणतो, त्या वयाने नाही, अंथरुणाने गेल्या.

ऑपरेशनमध्ये धोका असतो, मान्य. पण न करण्यातही धोका असतो, तो मला कुणी सांगितला नाही. पडून राहिल्याने न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, जखमा चिघळतात. तो धोका कुठल्याच कागदावर लिहिलेला नव्हता.

धोका मोजता येतो, हे मला नंतर वाचून कळलं. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी २००८ साली १० गुणांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. खुब्याच्या ऑपरेशननंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याचा धोका किती, याचा अंदाज त्यावरून येतो. जितके गुण जास्त तितका धोका जास्त. त्यात वयाला सगळ्यात जास्त वजन आहे, हे खरं. पण ६६ वर्षांच्या माणसाला ३ गुण आणि ८५ वर्षांच्या माणसालाही ३ च! बाकीचे गुण कशाचे? पुरुष आहे का, हिमोग्लोबिन कमी आहे का, स्मरण कितपत शाबूत आहे, जुने आजार किती, कॅन्सर आहे का, माणूस घरी राहतो की वृद्धाश्रमात. आमच्या वहिनींना सगळ्या नातवंडांचे वाढदिवस पाठ होते. ते कुणी विचारलंच नाही.

मी मास्तर. वर्गातली किती मुलं नापास होतील याचा अंदाज मलाही यायचा. म्हणून परीक्षेआधीच कुणाचं नाव कापायचं का? कच्च्या मुलाचे आपण जादा तास घेतो. इथेही तेच. रक्त कमी असेल तर रक्त द्या, फिजिशियनला दाखवा, अतिदक्षता विभागात खाट तयार ठेवा. गुण तयारीसाठी असतात, दार लावण्यासाठी नव्हेत.

काही वेळा ऑपरेशन न करणंच योग्य ठरत असेल. पण ते तपासून आणि रुग्णाला विचारून ठरवा. वहिनी शुद्धीवर होत्या. त्यांना डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. याचा दोष मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

म्हणून वाचकहो, तुमच्या घरात कुणी पडलं आणि "वय झालंय" एवढंच उत्तर मिळालं, तर तीन प्रश्न विचारा. कोणत्या तपासण्या केल्या? ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? आणि ज्याचा पाय मोडला त्याचं म्हणणं काय? उत्तरं मिळेपर्यंत सही करू नका. मी घाई केली.