६३ टक्क्यांवर थांबलेली हळद

प्रति,
माननीय संचालक,
भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, पुणे



मी परभणीत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. गेल्या लग्नसराईत ४२ मिनिटांचा एक व्हिडिओ पाच रात्री रेंडरला लावला आणि पाचही रात्री तो ६३ टक्क्यांवर बंद पडला. पडद्यावर एवढंच, की अज्ञात त्रुटीमुळे काम थांबलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने फॉरमॅट मारायला सांगितलं, मारलं. रॅम वाढवायला सांगितली, उसने पैसे घेऊन वाढवली. सत्यनारायणाच्या पूजेला पाहुण्यांना दाखवायचा होता तो व्हिडिओ. पाहुणे न बघताच गावी परतले. नवरीच्या वडिलांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती.

सहाव्या दिवशी लक्षात आलं, की आकडा दर वेळी ६३च आहे. टाइमलाइनचे दोन भाग केले. पहिला निघाला, दुसरा पडला. दुसऱ्याचे पुन्हा दोन केले. असं आठ वेळा निम्मं करत गेलं, तर ४२ मिनिटांमधून दहाएक सेकंदांपर्यंत पोहोचता येतं. मला तेवढीही गरज पडली नाही, हळदीच्या रात्रीची फोर-के क्लिप लवकरच हाती लागली. मांडवात उजेड कमी होता, म्हणून दाणे घालवायला मी तिच्यावर नॉइज रिडक्शन लावलं होतं. हा इफेक्ट काम करताना मागच्या-पुढच्या फ्रेमही एकदम मेमरीत धरून ठेवतो आणि माझ्या ग्राफिक कार्डाची मेमरी ४ जीबी. एका वेळी धरायच्या फ्रेमची संख्या कमी केली, ती क्लिप एकटीच प्रोरेसमध्ये काढून परत जागेवर बसवली. त्या रात्री व्हिडिओ पूर्ण निघाला. नवी रॅम अजून मशीनमध्येच आहे, तिचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता.

साहेब, आपली संस्था १९६०मध्ये प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली. तिथे स्टीनबेक या फिल्म-संपादनाच्या टेबलावर काम केलेल्यांना ठाऊक असेल, फिल्म अडकली किंवा फाटली की कुठली फ्रेम गेली ते डोळ्यांना दिसायचं आणि बोटांनी तिथेच जोड देता यायचा. आमच्या कामात बिघाड झाकलेला असतो. तो शोधायला हाताशी पद्धत लागते, आणि ती आम्हाला कोणी शिकवलेली नाही. रंग कसे करायचे, ट्रान्झिशन कुठलं टाकायचं, हे मोबाइलवर बघून कुणीही शिकतो. बंद पडलेलं रेंडर वाचायला मात्र कोणी शिकवत नाही.

पहिला प्रश्न एवढाच हवा: दर वेळी एकाच जागी पडतं, की वेगवेगळ्या? एकाच जागी पडत असेल, तर क्लिप, इफेक्ट किंवा फॉन्ट तपासायचा. जागा बदलत असेल, तर उष्णता, वीजपुरवठा, रॅम. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ अंशांवर जातो आणि बंद खोलीत पहाटेपर्यंत मशीन तापत राहतं. मोबाइलच्या क्लिपांचं आणखी वेगळं: त्यांचा फ्रेमरेट स्थिर नसतो, आधी तो स्थिर करून घेतला नाही तर आवाज सरकतो, कधी रेंडरही अडखळतं. विंडोजला ग्राफिक कार्डाकडून साधारण दोन सेकंद उत्तर मिळालं नाही, तर ती त्याचा ड्रायव्हरच पुन्हा सुरू करते. त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये राहते, पण तिथे बघायचं असतं हे मला बारा वर्षं धंदा करून कळलं.

पडद्यावरच्या मजकुरावर विसंबणंही धोक्याचं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे दोष उद्भवतो, हे कंपनीने २०२४मध्ये मान्य केलं. त्याआधी कित्येकांना ग्राफिक मेमरी अपुरी पडल्याचा संदेश येत होता. दोष एकीकडे, बोट दुसरीकडे.

आणि एमपीफोरचं. त्या फाइलची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधी सॉफ्टवेअर कोसळलं, की रात्रभर तयार झालेले ६३ टक्केही उघडत नाहीत. तुकड्यातुकड्यांनी काढलं असतं, तर माझी निदान निम्मी मेहनत वाचली असती.

२०१७पासून 'स्किफ्ट' या उपक्रमातून आपण लघु अभ्यासक्रम देशभर नेले. माझी विनंती आहे, की त्यात दोन दिवसांचा एक वर्ग मराठीतून, मराठवाड्यात घ्यावा. विषय एकच: बंद पडलेलं रेंडर. सहभागींनी आपापले पडणारे प्रोजेक्ट घेऊन यावेत आणि आपल्या प्राध्यापकांनी त्यांच्यासमोर ते सोडवावेत. परभणीत जागा, वीज आणि वीस खुर्च्यांची सोय मी करतो.

तो जुना प्रोजेक्ट मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, अजूनही ६३ टक्क्यांवर पडतो. नवरीच्या घरच्यांनी वर्गात दाखवायला परवानगी दिली आहे. आपण कळवलंत, तर हार्डडिस्क घेऊन पुण्याला येईन.

आपला नम्र,
एक मिक्सिंगवाला, परभणी