'मान्य आहे' दाबलं म्हणजे औषध सुरक्षित झालं का?

नवं अ‍ॅप टाकलं की मी अटी न वाचताच 'मान्य आहे' दाबतो. तुम्हीही तेच करत असाल. अ‍ॅपचं एक वेळ ठीक आहे, पण औषधाच्या बाबतीत हेच झालं तर?

आयसोट्रेटिनॉइन हे तीव्र मुरुमांवरचं औषध आपल्याकडेही दिलं जातं. गरोदरपणात ते घेतलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून अमेरिकेत 2006 पासून 'आयप्लेज' ही ऑनलाइन यंत्रणा सक्तीची आहे. डॉक्टर, औषध दुकान आणि रुग्ण अशा तिघांचीही नोंदणी लागते. गर्भधारणा होऊ शकते अशा रुग्णाला दर महिन्याला चाचणी करावी लागते, प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात आणि मग सात दिवसांत औषध न्यावं लागतं.

कागदावर एकदम पक्कं! पण 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसेवेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच्या ऐच्छिक योजनेत दर हजार उपचारांमागे 3.11 वेळा गर्भाचा औषधाशी संपर्क आला होता. आयप्लेजमध्ये हे प्रमाण 2.67 होतं. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या ठोस नव्हता. एवढा खटाटोप करून असं का झालं?

इथे 'प्रिसीड-प्रोसीड' ही चौकट कामाला येते. अमेरिकी आरोग्यतज्ज्ञ लॉरेन्स ग्रीन यांनी तिचा पाया 1970 च्या दशकात घातला. ती उलटी चालते. आधी विचारायचं, नक्की कोणतं नुकसान टाळायचंय? मग, त्यासाठी कोणी कसं वागायला हवं? आणि शेवटी, माणूस तसं का वागतो किंवा का वागत नाही? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं ती तीन गटांत मांडते. आयप्लेजला मी तेच तीन प्रश्न लावून पाहिले.

1. माहीत आहे का, पटलंय का? प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली म्हणून धोका मनापासून पटला, असं होत नाही. उत्तरं पाठही होतात.

2. जमतंय का? डिसेंबर 2021 मध्ये आयप्लेजची वेबसाइट बदलली आणि असंख्य डॉक्टर, दुकानदार, रुग्णांना लॉगिनच होईना. हेल्पलाइनवर फोन लागेना, काहींचे उपचार अडले. नियम पाळायची तयारी होती, पण रस्ताच बंद!

3. पाळल्यावर काय मिळतं? पहिल्या वेळी ते सात दिवस हुकले, तर पुढची चाचणी 19 दिवसांनी, अशी अट होती. दुकानात औषध उशिरा आलं तरी शिक्षा रुग्णालाच. ही अट काढा, असं अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर 2023 मध्ये कंपन्यांना कळवलं.

मग आयप्लेज गुंडाळायचं का? माझ्या मते नाही, कारण धोका खराच आहे. पण किती जणांनी नोंदणी केली, किती फॉर्म भरले, यावरून यश मोजता येत नाही. ते फक्त क्लिक मोजणं झालं. वागणं बदललं का आणि नुकसान घटलं का, हे मोजायला हवं.

आता आपल्याकडे वळू. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात 2010 पासून आहे. त्याचं अ‍ॅप आहे, 1800-180-3024 ही टोल-फ्री हेल्पलाइनही आहे. तेच तीन प्रश्न इथे लावा. हा नंबर तुम्हाला आधी माहीत होता का? गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं तर तक्रार करणं जमेल का? आणि केल्यावर पुढे काय झालं, हे कोणी कळवेल का?

पहिल्याच प्रश्नाला 'नाही' असेल, तर नंबर आत्ताच सेव्ह करा. बाकीचे दोन प्रश्न मात्र यंत्रणा चालवणाऱ्यांनी सोडवायचे आहेत.