चवथीची माटोळी

चवथ जवळ आली की म्हापसा, फोंडा, डिचोलीच्या बाजारांत रस्त्याकडेला माटोळीचे सामान मांडले जाते. कांगले, कवंडळे, अंबाडे, कळलावीची फुले, सुपारीचे घड, नारळाची पेंड. ही सारी गणरायाच्या मस्तकावर टांगलेल्या लाकडी चौकटीला केवणीच्या सालीने बांधावयाची. श्रावण-भाद्रपदात आपल्या रानात व परसात जे जे पिकते, त्याची ही जणू वार्षिक मोजदादच होय. नेवऱ्या, पातोळ्या कोठेही होतील. माटोळीला मात्र रान लागते.

ही चवथ आमच्या पूर्वजांनी सुखासुखी राखलेली नाही. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने बाटलेल्यांच्या घरातील हिंदू चालीरीतींवर बारीकसारीक निर्बंध घातले. उघड मूर्तिपूजा जेथे अशक्य झाली, तेथे पत्रीचा वा कागदावरचा गणपती पुजला गेला असे परंपरा सांगते, आणि काही घराण्यांत ती रीत आजही चालू आहे. लिस्बनमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर येथील हिंदूंना मोकळा श्वास घेता आला. ज्यांनी एवढे सोसून सण टिकविला, त्यांच्या वंशजांना आज कोणाचीही बंदी नाही. तरीही माटोळीत सफरचंदे आणि प्लास्टिकची फळे लोंबतात, हे आम्हांस खुपते.

कला व संस्कृती खात्यातर्फे माटोळी स्पर्धा घेतली जाते. तिने तरुणांना वनस्पतींची नावे विचारावयास लावले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु माटोळीत जिन्नस शेकड्यांनी मोजले जाऊ लागले की दुर्मीळ वेल मुळासकट उपटण्याचा मोह आवरत नाही. कळलावीचा कंदच उखडला तर पुढल्या वर्षी फूल कोठून येणार? आमच्या आजीच्या पिढीत हाताला लागेल तेवढेच घेत. उरलेले बियाण्याला म्हणून वेलीवरच ठेवीत. त्याला कोणी पर्यावरण म्हणत नसे.

प्रथा बदलत नाहीत, अशी सबब कोणी पुढे करू नये. घुमटावर घोरपडीचे कातडे चढविण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची होती. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली आला, बकऱ्याचे कातडे चढले, आणि आरतीचा नाद काही थांबला नाही. उलट २०१९ साली सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मात्र अजून गिऱ्हाईक मिळते, आणि चिकणमाती मळणाऱ्या आमच्या मूर्तिकाराला अनुदानाची वाट पाहावी लागते! पण तो वेगळा विषय आहे.

स्पर्धेच्या नियमांत खात्याने एवढाच फेर करावा: नगांच्या संख्येला गुण देऊ नयेत, स्वतःच्या परसात लावलेल्या व वाढविलेल्या वेलींना द्यावेत. मात्र नियम जूनमध्येच जाहीर व्हावेत. वेल लावावयाचा तर तो पहिल्या पावसातच लावावा लागतो.