होमोसिस्टीन : वाटेत अडलेला रेणू

आपण खाल्लेल्या अन्नाचे पेशीत एकदम रूपांतर होत नाही. एका पदार्थापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, अशा पायऱ्यांनी चयापचय चालतो. मधल्या पायऱ्यांवर तयार होऊन पुढे सरकणारे ते मध्यस्थ रेणू. ते साचू लागले, तर पुढची वाट कोठेतरी अडली आहे असे समजावे.

होमोसिस्टीन हा असाच एक रेणू. दूध, डाळी, अंडी यांतील प्रथिनांतून मेथिओनिन हे अमिनो आम्ल मिळते. पेशीत त्याचा वापर होताना होमोसिस्टीन तयार होते. पुढे त्याला दोन वाटा असतात : बी-१२ आणि फोलेट यांच्या साहाय्याने ते पुन्हा मेथिओनिन होते, अथवा बी-६च्या साहाय्याने सिस्टीनकडे वळते. रक्तातील त्याचे प्रमाण सामान्यतः लिटरमागे ५ ते १५ मायक्रोमोल असते.

उतारवयात जठरातील आम्ल घटते आणि अन्नातील बी-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन वा आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे चालू असल्यास ही उणीव वाढू शकते. वनस्पतिजन्य अन्नात बी-१२ जवळजवळ नसतेच. शाकाहारी व्यक्तीची भिस्त दूध-दह्यावर असते.

पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे घरातील मंडळी 'वय झाले' म्हणून सोडून देतात. येथेच घात होतो. कारण उपचारास फार विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येत नाही. बी-१२ तपासल्याविना केवळ फोलिक आम्लाच्या गोळ्या घेणेही धोक्याचे. त्यांनी रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते.

मात्र वाढलेले होमोसिस्टीन म्हणजे बी-१२ची उणीवच, असे नाही. फोलेटची कमतरता किंवा मूत्रपिंडांची दुर्बलता यांमुळेही ते वाढते. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत वेगळा न करता बराच वेळ राहिला, तरी आकडा फुगतो. म्हणून अहवाल डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. गोळ्यांनी हा आकडा उतरला म्हणजे हृदयविकार टळला, असेही मानू नये. मोठ्या चाचण्यांत तसा लाभ दिसलेला नाही.

घरातील ज्येष्ठांची पावले अडखळू लागली, तर चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटावे आणि बी-१२ तपासावे का, हे आवर्जून विचारावे.